ओट्यापाशी चपला

माघातल्या तृतीयेला दुपारी मी गावी पोहोचले, तेव्हा आई ओट्यापाशी उभी राहून बोंबील साफ करत होती आणि तिच्या पायांत चपला होत्या.

रबरी, निळ्या पट्ट्यांच्या, मागच्या दारी जाताना घालायच्या चपला. आमच्या घरात स्वयंपाकघराचा उंबरा चपला घालून कोणी ओलांडलेला मला आठवत नाही. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूसही दाराशी बूट काढत असे. एकदा तो कुरकुरला, तेव्हा आईने त्याला तिथेच थांबवून सिलिंडर स्वतः गरगर फिरवत आत नेला होता. पावसाळ्यात फरशीला घाम सुटायचा आणि थंडीत तिच्या टाचांना भेगा पडायच्या, तरी ती अनवाणी उभी राहायची. अन्न शिजवताना पायांना जमीन लागली पाहिजे, हा तिचा साधा समज होता आणि तो तिने कोणाला समजावून सांगितला नव्हता.

“आई, चपला?”

“टाचा दुखतात, बाय. डॉक्टर बोलला, गार फरशीवर उभं ऱ्हाऊ नका.”

“कुठला डॉक्टर?”

“हाय एक,” असे म्हणून तिने पुढचा बोंबील हातात घेतला.

मी ते मान्य केले. पिशवी खाली ठेवली, घोटभर पाणी प्यायले, फेरीबोटीवर आज किती वारा होता ते सांगू लागले. माझ्या रागाची सुरुवात इथूनच करायला हवी. आयुष्यभर शब्दांचा कस पाहणारी, वर्गात मुलांना एकेका शब्दामागचे मौन ऐकायला शिकवणारी मी; आणि आईचे एवढे धडधडीत खोटे माझ्या कानावरून पाण्यासारखे ओघळून गेले.

तो ओटा मी आठवीत असताना झाला. त्याआधी आई जमिनीवर बसून रांधत असे. वडील कंपनीत होते. त्यांनी टेंपोतून काळ्या कडप्प्याची एक सलग लादी आणली, आणि ती आत न्यायला सहा माणसे लागली. गवंडी गावातलाच. लादी बसवताना आईने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली, उतार. उजव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात मोरीचे भोक होते, तिकडे पाणी आपोआप गेले पाहिजे. गवंडी लादीखाली चुना सारायचा, आई तांब्याने पाणी ओतायची आणि वाकून बघायची. “अजून अर्धं बोट,” ती म्हणायची. गवंडी वैतागून म्हणाला होता, “वहिनी, ओटा बांधतोय का कालवा?” पण संध्याकाळपर्यंत त्याने तिला हवा तसा उतार दिला. तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याला मात्र कळतो, आणि रोज पाणी ओतणाऱ्या बाईला.

त्या दिवसापासून आईने तो ओटा धुतला. पुसला नाही, धुतला. आधी नारळाच्या काथ्याने खवले एका बाजूला ओढायची, मग साबण, मग पिळून झालेल्या लिंबाची साल पालथ्या हाताने फिरवायची, आणि शेवटी डावीकडून तीन तांबे पाणी. पहिल्या तांब्याचा आवाज जाड असे, साबणाने अडलेला. तिसऱ्याचा स्वच्छ, लांबवर सरकत जाणारा. मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करताना तो तिसरा तांब्या ऐकला की दिवस संपल्याचे मला कळे. दगड निथळला की छपराच्या काचेच्या कौलातला चौकोनी उजेड त्यात उतरायचा. माशांचा वास गेलेला असे आणि त्या जागी ओल्या पाटीचा, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा वास यायचा.

हे सारे नीटनेटकेपणाच्या हौसेपोटी नव्हते. त्याच दगडावर एका दिवशी सुरमई कापली जायची आणि दुसऱ्या दिवशी देवाची उकड मळली जायची. त्या दोहोंच्या मधे वेगळी भांडी नव्हती, वेगळी चूल नव्हती. मधे फक्त ते तीन तांबे पाणी होते.

बाकी त्या स्वयंपाकघरात उणे होते ते विजेचे. एक दिवा आणि फ्रिजपुरता एक प्लग, बस. मिक्सर बाहेरच्या खोलीत स्टुलावर असायचा, टीव्हीच्या प्लगला लावलेला. आई ओल्या खोबऱ्याचे, आले-लसणीचे भांडे छातीशी धरून बाहेर जायची, टीव्ही बंद करायची, वाटायची, भांडे घेऊन आत यायची, चव बघायची, पुन्हा बाहेर. वडील होते तोवर बातम्यांच्या मधोमध ही घरघर चालायची, आणि ते म्हणायचे, “झालं, देशाचं काय झालं ते आता उद्या पेपरात वाचू.” वडील गेले. आईचा उजवा खांदा आखडला. भांडे हातातून निसटून एकदा पडवीभर हिरवे वाटण झाले, आणि मी मनाशी ठरवले की हे थांबवायचे.

अलिबागला माझ्या एका सहकारी बाईंच्या घरी मी ती वस्तू पाहिली होती. त्यांच्या ओट्यात पोलादी कडे बसवलेली एक गोल चकती होती. बोटाने दाबली की टक् आवाज होई आणि दगडातून एक बुटका मनोरा वर येई, अंगावर तीन प्लग घेऊन. काम झाले की तळव्याने खाली दाबायचा. ओटा पुन्हा कोरा. मी त्यावर भाळले, हे कबूल करते. रात्रीतून अळंबी उगवावी तशी ती वर येताना पाहून मला गंमत वाटली होती. आईच्या हाताशी, तिच्या खांद्याच्या खाली, वीज उगवेल असे काहीतरी माझ्या मनात आले. सुंदर कल्पना होती. सुंदर कल्पनांचा मला आता राग येतो.

दिवाळीच्या सुटीत मी तो खोका घेऊन गावी आले. पनवेलहून धाकटा भाऊ आला होता, त्याने वायरमन शोधून ठेवला होता. दिवेआगरकडच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांची सगळी कामे त्याच्याकडे असत. चुणचुणीत, चाळिशीचा, कानाला पेन्सिल लावलेला. आत आला, खोका उघडला, म्हणाला, “मॅडम, चॉइस एकदम बंगल्यावानी केलाय.” मला बरे वाटले.

त्याने ओट्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने वर्तुळ काढले.

आई दारात उभी होती. “तिथं नको. तिथं पानी येतं.”

“आजी, वॉटरप्रूफ हाय हे.”

“तरी पन सगळं पानी तिथंच येतं. डावीकडं कर.”

“डावीकडं खाली सिलिंडर हाय. आनि वायर लांब पडंल. इथं कसं, फ्रिजचा बोर्ड जवळ.” त्याने लादीवर हात फिरवून पाहिला. “कुठं हाय उतार? सरळ तर हाय.”

आईने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी आता रोज पाहते. भाऊ फोनवर बोलत होता, वायरमन ड्रिलचे बिट घट्ट करत होता, आणि त्या खोलीत तिची बाजू घेऊ शकेल असे एकच माणूस होते. मी म्हणाले, “आई, त्याला त्याचं काम कळतं. करू दे.”

दगड कापला जाताना जो आवाज होतो तो दातांत जाऊन बसतो. खोलीत जळक्या धुळीचा वास भरला. ड्रिलखाली ओतलेल्या पाण्याचा राखाडी चिखल झाला आणि, मी आज शपथेवर सांगते, तो चिखल संथपणे, न चुकता मोरीच्या भोकाकडेच सरकला. उतार आमच्या सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. आई तेवढी ओट्याखाली वाकली होती, दोन्ही हात पसरून. कापलेली चकती निसटली ती तिच्या ओंजळीत पडली. भाकरीएवढी नाही, पुरीएवढी. तिने ती पदराने पुसली आणि घेऊन गेली.

बसवून झाल्यावर वायरमनने चकती दाबली. टक्. मनोरा वर आला. आई दचकली, मग हसली. “अरे, ह्यो तर उठ्या हाय.” त्या वस्तूचे नाव तेव्हापासून उठ्या पडले. शेजारच्या बायका उठ्याला बघून गेल्या. एक म्हणाली, “मामी, नागोबासारखा येतो गं वर, दूध ठेव त्याच्यापुढं.” भावाने निघताना आईला सांगितले, “आता काय, पाणीबिणी ओतायचं नाही, आई. पुसून घ्यायचं. लिक्विड आणून ठेवलंय, निळं.”

“पुसून वास जातो व्हय?”

“अगं सगळ्या मुंबईत पुसतात.”

“मग सगळ्या मुंबईत वास येत आसंल,” आई म्हणाली. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या वाक्यात एक बाई आपला चाळीस वर्षांचा हात वाचवू पाहत होती आणि आम्ही त्याला विनोद समजलो.

तर माघ. बोंबलांचे कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन झाल्यावर मी विचारले, “उद्याचे मोदक किती करायचे?”

“यंदा मोदक नको. गूळखोबरं ठेवू.”

“का?”

“दोघींसाठी कशाला घाट.”

माघी चतुर्थीला आमच्याकडे मोदक चुकत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आई-वडील पालीला देवळात जाऊन आले, तेव्हापासून या दिवशी घरी उकडीचा नैवेद्य. वडील अंथरुणाला खिळलेले होते त्या वर्षीदेखील तिने पाच मोदक वळले होते आणि त्यांतला एक कुस्करून त्यांच्या जिभेवर ठेवला होता. मी म्हणाले, “तू बस. मी करते. मला येतात तसे वेडेवाकडे.” रात्री भांडी आवरताना मला दिसले, ती ओटा फडक्याने पुसत होती, चपला घालून, हाताच्या टोकाने, एखाद्या परक्या कुत्र्याला गोंजारावे तशी. निळ्या औषधाचा गोड, खोटा वास, आणि त्याखाली बोंबील.

सकाळी ती मागे जास्वंद आणि दूर्वा काढायला गेली. मी अंघोळ करून आत आले. ओट्याला वास येत होता. अशा दगडावर उकड मळायची माझी तयारी नव्हती. मी अनवाणी उभी राहिले, साबण फिरवला, डावीकडून पहिला तांब्या ओतला आणि ओल्या तळव्याने पाणी कोपऱ्याकडे लोटले.

हात कोपऱ्यापाशी पोहोचला तसा तो माझा राहिला नाही. कोपरापर्यंत काहीतरी धावत आले, बारीक, कडवट, हजार पायांचे. दात एकमेकांवर आपटले आणि जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव आली. मी हात झटकून मागे सरकले तेव्हा तांब्या फरशीवर घरंगळत होता. मला वाटते मी ओरडलेही.

मागच्या दारात आई आली. ओच्यात फुले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, हाताकडे नाही. माझ्या पायांकडे पाहिले आणि किंचाळली, “बाय, चपला घाल! आधी चपला घाल!”

पाणी ओट्यावरून टपटपत होते.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

तिने फुले खिडकीत ठेवली. एकेक करून, देठ एका बाजूला.

“कधीपासून?”

“दिवाळी झाल्यावर आठ-धा दिवसांनी.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तू हौसेनं आनलंस. पोरानं मानूस बोलावून बसवलं. बोलले आसते तर तुम्ही काय बोलला आसता? पानी का ओतलंस, हेच ना?” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “आनि मुंग्या तर येतात नुसत्या. चपला घातल्या की काय नाय.”

“म्हणून मोदक नको म्हणालीस.”

आता तिने माझ्याकडे पाहिले. मला एवढेही कळू नये याचे तिला नवल वाटले असावे. “चपला घालून देवाचं करायचं व्हय?”

मी मेन स्विच खाली ओढला. अडीच महिने माझी आई स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी, पायताण घालून, अंग चोरून वावरत होती. ज्या दगडाला तिने हवे तसे वळण लावले होते, त्याला ती भीत होती. तिने उपाय शोधला होता, बायका शोधतात तसा, स्वतःच्या अंगावर; आणि त्या उपायाची किंमत म्हणून देवाचा नैवेद्य सोडून द्यायला निघाली होती, आम्हा दोन शिकलेल्या मुलांना ओशाळे वाटू नये म्हणून. मला वायरमनचा राग आला, भावाचा आला, तिच्या त्या भयंकर समजूतदारपणाचा आला. आणि “करू दे” म्हणणाऱ्या माझ्या आवाजाचा. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मऊ होता, सुसंस्कृत होता.

भावाला फोन लावला.

“ताई, टेन्शन नको घेऊ. थोडं लीकेज असेल. मी रविवारी येतो, बघतो.”

“रविवारी? आज ती ह्या ओट्यापाशी पडली असती तर?”

“अगं पण तिला सांगितलं होतं ना पुसायचं म्हणून. सगळं ठरलेलं असताना ती पाणी ओतते, त्याला कोण काय करणार, यार?”

“कोणी ठरवलेलं?”

“आपण.”

“आपण म्हणजे कोण? त्या ओट्यावर तू कधी एक मासा कापला आहेस? मी कापला आहे? ज्या बाईने ओटा वापरायचा तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं!”

भाऊ हळूच म्हणाला, “आई आहे का तिथे? तिला दे.” आईने मान हलवून नाही म्हटले. तिला भांडण नको होते. मी फोन ठेवला. मला हवे होते.

मी बोलावून घेतलेला वायरमन तासाभराने आला, माघी गणपतीचे गंध कपाळाला लावून. मी स्विच वर ओढला. त्याने टेस्टर काढला, पोलादी कड्याला टेकवला. टेस्टरच्या दांडीत नारिंगी ज्योत उभी राहिली. अशी शांत, देवापुढच्या निरांजनासारखी.

“आत पानी गेलंय,” तो म्हणाला. “खाऱ्या हवेनं कॉन्टॅक्ट पन गंजलेत. एवढंसं हाय, मॅडम. यानं मानूस मरत नाय.”

“अर्थिंग?”

“जुन्या घरात कुठली अर्थिंग.”

“हे तुम्हाला बसवताना माहीत होतं?”

“मॅडम, मी एवढ्या बंगल्यांत बसवलेत. एक कम्प्लेंट नाय. लोक पुसतात वो ओटा आजकाल.”

“त्या बंगल्यांत रांधतं कोण?”

त्याने जरा विचार केला. प्रामाणिक माणूस होता, एवढे मी म्हणेन. “शनवारी चहा होतो,” तो म्हणाला.

“तिने तुम्हाला सांगितलं होतं. तिथे पाणी येतं म्हणून. दोनदा.”

“आता म्हातारी मानसं बोलतातच—”

“चप्पल काढा.”

“काय?”

“पायातली चप्पल काढा. हात ओला करा. आणि ठेवा त्या कड्यावर. एवढंसंच आहे ना? माझ्या आईने अडीच महिने ठेवलाय. तुम्ही एकदा ठेवा.”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्यात कविता नव्हती, व्याकरणही बेताचे होते. तो कड्याकडे बघत राहिला. तांब्यातले पाणी त्याच्या हाताशी होते. खिडकीतून गावदेवीच्या देवळातली आरती ऐकू येत होती, झांजा जरा बेताल. त्याने हात पुढे केला नाही. मागे खिशात घातला.

“मॅडम, तसं नसतं,” तो पुटपुटला.

“कसं असतं?”

“बाय, सोड त्याला,” आई दारातून म्हणाली. “त्याच्या घरी बारकी पोरं हायत.” आणि त्याला, “बस रे तू. चहा घेशील?”

त्या क्षणी मला तिचा जितका राग आला तितका आणखी कोणाचा आला नसेल. ज्याने तिच्या हाताखाली वीज पेरली त्याच्या पोरांची तिला काळजी. पण त्या एका वाक्याने जे केले ते माझ्या सगळ्या ओरडण्याने झाले नव्हते. वायरमनने स्वतः जाऊन मेन बंद केला. दाराबाहेर चप्पल काढून आला. ओट्याखाली उताणा पडून त्याने उठ्याच्या वायरी सोडवल्या आणि तो उपसून काढला. आतून काळपट पाण्याची धार सांडली. तिला गंजाचा आणि शिळ्या माशाचा वास होता. इतके दिवस धुतलेले सगळे तिथे साठत होते.

ओट्याला भोक पडलेले राहिले. त्यातून खालची फरशी दिसत होती. “ह्याला आता काहीतरी झाकन शोधावं लागंल,” तो म्हणाला.

आई आत गेली आणि लोणच्याच्या बरणीतून ती दगडी चकती घेऊन आली. कैरीच्या फोडी खाराखाली दाबून ठेवायला तिने ती वापरली होती. मीठ-हळदीने कडा पिवळसर झाल्या होत्या. साबणाने, लिंबाने, पाण्याने तिने ती धुतली आणि भोकावर धरली. बिटाने खाल्लेल्या जागेइतकी फट चहूबाजूंनी राहत होती. वायरमनने खालून फळीचा तुकडा पक्का केला, पाइपांना लावतात तो दोन रंगांचा लगदा कणकेसारखा मळला, फट भरली, आणि अंगठा ओला करून ती कडेने गुळगुळीत करत राहिला. बराच वेळ. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ. मग उठून उभा राहिला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारले, “आजी, मिक्सरचा प्लग भिंतीत देतो. खाली अर्थिंगचा खड्डा पन मारतो उद्या येऊन. कुठं पायजे, सांगा.”

आईने बोट पाण्यात बुडवले. डाव्या भिंतीपाशी गेली, खांदा जितका उचलला जात होता तितका उचलला, आणि चुन्याच्या भिंतीवर ओले बोट टेकवले. ठिपका वाळायच्या आत त्याने त्यावर पेन्सिलीने खूण केली. एवढ्या वर्षांत तिला जे कोणी विचारले नव्हते ते विचारायला दहा सेकंद लागले.

लगदा धरेपर्यंत दुपारचे दोन वाजले. देव सकाळपासून नैवेद्यावाचून बसला होता. “आज त्याला उशीर,” आई म्हणाली, पण तिने नारळ आधीच खवून ठेवला होता, पिठी चाळली होती. कधी, ते मी पाहिले नव्हते. मग ती उंबऱ्याशी गेली, चपला काढल्या, मागच्या दाराबाहेर एकीला एक लावून ठेवल्या आणि अनवाणी आत आली. मी मेन बंदच ठेवला होता. तिने तांब्या भरून घेतला.

मी तिच्या हातांकडे पाहू शकले नाही. तिच्या पावलांकडे पाहत होते. भेगा पडलेल्या टाचा, दोन्ही अंगठ्यांवर पट्ट्यांनी उमटलेले फिकट व्रण. तिने पहिला तांब्या ओतला तेव्हा बोटे फरशीवर आवळली गेली, क्षणभर, आणि मग सुटली. दुसरा तांब्या. तिसरा. पाणी चकतीवरून गेले, फटीपाशी जरा रेंगाळले, मग कोपऱ्याकडे निघून गेले. दगडात कौलातला चौकोन उतरला, त्याच्या मधोमध एक राखाडी कडे.

मोदक अकरा झाले. माझे तीन ओळखू येत होते.

भाऊ रविवारी आला. दारातच पायताण काढून आत गेला, चकतीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “फिनिशिंग नाही आलं.” मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही, नंतरही बरेच दिवस कामापुरतेच बोलले. आई म्हणते, सोड आता, झालं ते झालं. तिने सोडले आहे. वायरमन रस्त्यात भेटला की तिला खांदा कसा आहे विचारतो आणि ती त्याच्या पोरांची चौकशी करते.

मला ते जमलेले नाही. गावी गेले की मी चपला बाहेर काढते, हात ओला करते, आणि आईशी एक शब्द बोलण्याआधी तो तळवा त्या राखाडी कड्यावर ठेवते. तिथे आता काही नाही, हे मला माहीत आहे. वायर नाही, वीज नाही, गार दगड आहे. तरी ठेवते, आणि मग वळून विचारते, “आज काय करायचं? कुठे ठेवू हे? इथे चालेल?”

“किती विचारतेस,” आई म्हणते. “ठेव कुठंपन.”

मी हातातली पिशवी तशीच धरून उभी राहते, तिने बोट दाखवेपर्यंत.